कापूसडोळ्या जोला परमा झाला नव्हता

धाकट्या बहिणीचा फोन आला तो थेट मुद्द्यावरच. "दादा, कॉटन आय जो म्हणजे गुप्तरोगाचं गाणं आहे का रे?"

भाची चौथीत आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिच्या वर्गाने वेस्टर्न डान्स म्हणून रेडनेक्स या बँडचं 'कॉटन आय जो' घेतलं होतं. चौकड्यांचे शर्ट शिवून झाले, गवती टोप्या आल्या, आणि गॅदरिंगला आठवडा उरलेला असताना पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक रील टाकलं. झालं. गाणं बदला म्हणून तीन पालक, टोप्यांचे पैसे कोण देणार म्हणून पाच, आणि बाकीचे नुसते डोळे विस्फारलेले इमोजी.

रीलमधला दावा नवा नाही. इंग्रजीत तो बरीच वर्षं फिरतोय, आता आपल्याकडे पोचला इतकंच. म्हणणं असं: लहानपणी ज्या गाण्यावर तुम्ही नाचलात ते एका लैंगिक आजाराचं गाणं आहे. 'कॉटन' म्हणजे तपासणीसाठी वापरतात तो कापसाचा बोळा. 'आय' म्हणजे डोळा नव्हे, पुरुषाच्या लघवीच्या जागेचं तोंड. 'जो' हे रोगाचं टोपणनाव. 'आलास कुठून, गेलास कुठे' हा प्रश्न रोगालाच विचारलेला. आणि 'तू नसतास तर माझं लग्न कधीच झालं असतं' हा परमा, म्हणजे गनोरिया, झालेल्या माणसाचा विलाप. शेवटी मागे भीतीदायक संगीत आणि 'आता हे गाणं पूर्वीसारखं ऐकू येणार नाही' अशी धमकी.

मी ग्रुपवर चार ओळींचं उत्तर टाकलं. त्याला एक अंगठा मिळाला, तोही बहिणीचा. म्हणून आता सविस्तर.

सुरुवात गाण्याच्या वयापासून करू, कारण अर्धा दावा तिथेच कोसळतो. रील बघणाऱ्याची समजूत अशी होते की हे 1990च्या दशकातलं गाणं आहे आणि ते लिहिणाऱ्याने त्यात काहीतरी दडवून ठेवलंय. प्रत्यक्षात रेडनेक्स ही स्वीडनची मंडळी. अमेरिकन खेडवळांचं सोंग घेतलेली, चेहऱ्याला माती फासलेली, नावसुद्धा 'रेडनेक', म्हणजे गावंढळ, या शब्दाचं स्पेलिंग मुद्दाम बिघडवून घेतलेलं. 1994 साली त्यांनी एक जुनं अमेरिकन लोकगीत उचललं, त्याच्या फिडल आणि बँजोखाली युरोडान्सचा धाडधाड ठोका घातला आणि बाजारात सोडलं. जानेवारी 1995मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊन तीन आठवडे बसलं. जर्मनीतही पहिला क्रमांक. खुद्द अमेरिकेत मात्र पंचविसाव्या क्रमांकाच्या वर चढलं नाही. हे मला फार आवडतं. ज्यांचं सोंग घेतलं त्यांच्याकडेच खप बेताचा.

पण धृपद रेडनेक्सचं नाही. ते त्यांच्या आजोबा-पणजोबांपेक्षा जुनं आहे. डोरोथी स्कारबरो या टेक्सासच्या लेखिकेने 1925 साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकगीतांवर पुस्तक काढलं. त्यात हे गाणं आहे, आणि ते यादवी युद्धाच्या आधीपासून, म्हणजे 1861च्या आधीपासून, दक्षिणेकडच्या मळ्यांवर गुलाम गात होते अशी नोंद आहे. त्याच्या तीन वर्षं आधी, 1922 साली, थॉमस टॅली यांनी आपल्या संग्रहात ते छापलं. हे टॅली नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायचे, स्वतः कृष्णवर्णीय, आणि लोकगीतं गोळा करायचा नाद. त्याही मागे 1882 साली अलाबामाच्या लुईस क्लार्क पिर्नेल यांच्या मुलांसाठीच्या पुस्तकात गाण्याची लांबलचक कडवी आहेत. त्यांच्याकडे आपण परत येणार आहोत, कारण खरी गंमत तिथे आहे.

आता हे वय डोक्यात ठेवून बोळ्याकडे वळा.

काडीला कापूस लावलेला तयार बोळा, आपण कान कोरायला वापरतो तो, लिओ गर्स्टनझँग या अमेरिकन गृहस्थाने 1923 साली बाजारात आणला. पण नुसतं एवढंच सांगून मी जिंकलो म्हणणार नाही. कुणीही म्हणेल, अहो, डॉक्टर त्याच्याआधी तारेला कापूस गुंडाळत नसतील का? असतील. मग प्रश्न असा की कापूस गुंडाळून तपासणार काय? परम्याचा जंतू आल्बर्ट नायसर यांना सापडला 1879 साली. त्याच्याआधी बोळ्यावर नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली परमा शोधणं ही कल्पनाच अस्तित्वात नव्हती. पू वाहतोय, जळजळ होतेय, एवढ्यावर निदान व्हायचं. परमा आणि गरमी, म्हणजे सिफिलिस, हे दोन वेगळे रोग आहेत हेसुद्धा फ्रान्सच्या रिकोर यांनी 1838 साली नीट मांडलं. तोवर बरेच डॉक्टर दोन्हीला एकच समजत. आणि गरमीचा जंतू दिसला 1905 साली, रक्ताची चाचणी आली 1906मध्ये. म्हणजे 1850च्या दशकात अलाबामाच्या कापसाच्या शेतात राबणाऱ्या गुलामाने अजून न लागलेल्या शोधावर, अजून नसलेल्या तपासणीचं गाणं रचलं असं आपण मानायचं. त्यात ज्या माणसाला वैद्य म्हणजे काय हे मालकाच्या मर्जीवर कळायचं, त्या माणसाने.

रील काढणाऱ्याच्या डोक्यात आजचं क्लिनिक आहे. पांढरा कोट, पाकिटातली निर्जंतुक काडी, रिपोर्ट उद्या या. तेच त्याने दीडशे वर्षं मागे ढकललं.

मग 'कापूसडोळा' म्हणजे काय? इथे मला रीलवाल्याची थोडी कीव येते, कारण उत्तर इतकं सरळ आहे. डोळ्यात पांढरं दिसतंय तो कापूसडोळा. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बोलीत बुबुळाभोवतीचा पांढरा भाग जास्त दिसणाऱ्या माणसाला असं म्हणत. सावळ्या, काळ्या चेहऱ्यावर पांढरे डोळे उठून दिसतात, त्यावरूनही. काहींच्या मते मोतीबिंदूने किंवा खुपऱ्यांनी पांढुरका झालेला डोळा. आपल्याकडे याच गोष्टीला काय म्हणतात? डोळ्यात फूल पडलं. माझ्या आजोळी, अकोटच्या बाजूला, एका म्हाताऱ्या गड्याला अख्खं गाव 'फुल्या' म्हणायचं, आणि तो ओ द्यायचा. क्रूर होतं ते, पण त्यात कोडं काही नव्हतं. उद्या कुणी रील काढून सांगितलं की फुल्या हा फुलवाल्याच्या धंद्याचा सांकेतिक शब्द आहे, तर आमच्या गावचे लोक हसून लोळतील.

आम्हाला फूल दिसलं, त्यांना कापूस दिसला. सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत ज्याच्या समोर पऱ्हाटीच, कापसाचं पीकच आहे त्याला पांढऱ्या कशालाही दुसरी उपमा सुचायची कशी? वेचणीच्या दिवसांत फुटलेल्या बोंडाकडे जवळून बघा. काळपट, कडक चार पाकळ्यांची वाटी आणि तिच्यातून बाहेर आलेला पांढरा गोळा. वटारलेल्या डोळ्यासारखंच दिसतं ते. लहानपणी आजीबरोबर पहिल्या वेच्याला गेलो की ओळीच्या शेवटी वळून बघायला मला भीती वाटायची, इतके डोळे.

एक कबुली मात्र द्यायला हवी. गरमीने डोळ्याच्या बुबुळावर पांढुरकेपणा येऊ शकतो, हे वैद्यकीयदृष्ट्या खरं आहे. जन्मतःच आईकडून गरमी आलेल्या मुलांमध्ये तसं होतं. परमाही डोळ्यात जाऊ शकतो, नवजात बाळांचे डोळे त्याने जायचे. त्यामुळे जोचा डोळा अशा कुठल्या रोगाने पांढरा झाला असेल असं कुणाला वाटलं तर मी वाद घालणार नाही. पण जोचा डोळा कशाने पांढरा झाला हा एक प्रश्न, आणि गाणं कशाबद्दल आहे हा दुसरा. आंधळ्या भिकाऱ्याचं गाणं हे मोतीबिंदूचं गाणं होत नाही.

(ग्रुपवरच्या एका काकांनी दुसरा सिद्धांत टाकला होता: जो हातभट्टीची पिऊन आंधळा झाला, म्हणून डोळे पांढरे. हाही इंग्रजीतून आलेला. विषारी दारूतलं मेथॅनॉल डोळ्यामागच्या नसेवर घाला घालतं. माणूस आंधळा होतो, पण बाहेरून डोळा पांढरा होत नाही. काका, माफ करा.)

'जो' हे रोगाचं टोपणनाव, यावर वेळ घालवत नाही. जो म्हणजे आपला गण्या किंवा राम्या. प्रत्येक गावात चार.

आता शब्दांकडे. रीलवाला दोनच ओळी घेऊन बसलाय, कारण त्याला दोनच माहीत आहेत. 1882च्या पुस्तकात या गाण्याची पुढची कडवी आहेत आणि त्यांत सगळी हकिगत उघडउघड सांगितली आहे. गाणारा जोला विचारतो, तू माझ्याशी असं का वागलास? माझी पोरगी माझ्यापासून तोडून पार टेनेसीला का घेऊन गेलास? तू नसतास तर माझं लग्न केव्हाच झालं असतं. मग जोचं वर्णन: डोळे तिरळे, नाक बसकं, दात पडलेले. पण त्याने काय होतंय? उंच होता, शेलाटा होता, आणि माझी पोरगी गेली त्याच्या मागे. पुढे तिचंही वर्णन आहे, तिचे चमकदार डोळे, लाल ओठ, पांढरे दात, आणि कधी सोडून जाणार नाही अशी तिने घेतलेली शपथ. शेवटी ती जोबरोबर पळाली आणि हा इथे दिवसभर रडत बसलाय.

संपलं. लग्न का मोडलं? पोरगी पळाली. जो कुठे गेला? टेनेसीला. रीलवाल्याने ज्या प्रश्नावर भीतीदायक संगीत वाजवलं त्याचं उत्तर शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ छापील पुस्तकात पडून आहे, राज्याच्या नावासकट.

आणि मला तर तो तिरळा, बोळका, बसक्या नाकाचा जो फार आवडला. देखण्या माणसाने पोरगी पळवली तर दुःख एक वेळ समजतं. या ध्यानाने पळवली, त्याचा सल आयुष्यभर जात नाही. गाणारा वर्णन करताना खरं तर कुढतोय, आणि तरी 'पण उंच होता' हे त्याला कबूल करावं लागतं. एवढं माणसासारखं गाणं, त्याचं आपण लॅबच्या रिपोर्टात रूपांतर केलं.

टॅलींच्या संग्रहातलं रूप आणखी वेगळं आहे. तिथे एके ठिकाणी गाणारा म्हणतो, मी 'कॉटन आयड जो' नाचलो नसतो तर सात वर्षांपूर्वीच मेलो असतो. आणि दुसरीकडे, मी ही चाल वाजवत आलो की बायका माझ्यावर खूश होतात. म्हणजे या ओळींत जो हा माणूसही नाही, ते फिडलवरच्या एका चालीचं आणि नाचाचं नाव आहे. आता यात परमा बसवून दाखवा. जो नाचलो म्हणून जगलो, आणि जो घेऊन गेलो की बायका खूश!

एकाच गाण्याची इतकी रूपं कशी, असं कुणाला वाटत असेल तर त्याने आपल्या आईला भुलाबाईची गाणी म्हणायला सांगावं आणि मग शेजारच्या तालुक्यातल्या मावशीला तीच म्हणायला सांगावं. नणंदेच्या जागी सासू येते, करंजीच्या जागी आणखी काही, एक कडवं गळतं, दुसऱ्या गाण्याचं शेपूट येऊन चिकटतं. लोकगीताला एकच एक मूळ अर्थ असतो आणि तो कुणीतरी कुलूप लावून ठेवलेला असतो, ही समजूत ज्यांनी लोकगीत कधी अंगणात बसून म्हटलं नाही त्यांची असते.

रीलच्या बाजूने एक मुद्दा उरतो आणि तो वरवर बरा दिसतो. रेडनेक्सच्या गाण्यातल्या कडव्यांत म्हटलंय की हा माणूस हिवाळी वादळासारखा गावात आला, जाईल तिथे अनर्थ केला, पोरींची मनं मोडली, आणि कुणाला कळू नये म्हणून त्या सगळ्या पळून गेल्या. मग हा अनर्थ म्हणजे रोग नव्हे का? कुणाला काय कळू नये?

एक तर ही कडवी लोकगीतातली नाहीत. ती रेडनेक्सच्या वेळी लिहिली गेली. 1994 सालच्या स्वीडिश कडव्यातून एकोणिसाव्या शतकातल्या धृपदाचा अर्थ काढणं म्हणजे जुन्या अभंगाच्या रिमिक्समधल्या रॅपवरून संताचं चरित्र लिहिणं. आणि नवी कडवी वाचली तरी त्यात आहे काय? देखणा, रांगडा माणूस, डोळ्यांनी आणि हसण्याने पोरी गटवणारा, मजा मारून निघून जाणारा. आपल्या तमाशात, सिनेमात असा बदमाश शंभर वेळा आलाय. पोरी तोंड लपवून का पळाल्या याचं सगळ्यांत साधं कारण बदनामी. त्याला जंतू लागत नाही. एक गोष्ट लक्षात आली का? जुन्या गाण्यातला बोळका, तिरळा जो स्वीडनला जाऊन देखणा झाला. मार्केटिंग.

मला खरं खटकतं ते वेगळंच. दक्षिणेकडच्या लोकांना अश्लील काही म्हणायचं असतं तर ते त्यांनी उघड म्हटलं असतं. टेक्सासच्या नाचघरांत या गाण्यावर ओळीने हातात हात घालून नाचतात तेव्हा पाय झाडताना सगळे मिळून एक सणसणीत शिवी ओरडतात, तिथे ही रीतच आहे. शिमग्याला आपल्याकडे जे ओरडतात त्यात कुणी सांकेतिक भाषा शोधतं का? लोकगीतातला चावटपणा चौकात बोंब मारून येतो. तो तपासणीच्या बोळ्याआड लपत नाही.

मग हा दावा इतका पसरतो का? 'रिंगा रिंगा रोझेस' आठवा. बालवाडीत आपण सगळे त्यावर गोल फिरून खाली पडलोय, आणि नंतर कधीतरी कुणीतरी कानात सांगितलंय की ते लंडनच्या 1665च्या प्लेगचं गाणं आहे, शेवटी पडतात ती प्रेतं. तेही खरं नाही. इंग्लंडमध्ये ते गाणं छापलं गेलं 1881 साली, आणि प्लेगची गोष्ट त्याला चिकटली दुसऱ्या महायुद्धानंतर. आनंदी चालीखाली काहीतरी सडलेलं असणार असा आपला एक संशय असतो, आणि ते काढून दाखवणारा माणूस हुशार वाटतो.

कॉटन आय जोच्या बाबतीत वाईट वाटतं ते याचं, की खाली खरंच काहीतरी आहे आणि ते दडवलेलंही नाही. ज्यांनी हे गाणं रचलं ते विकत घेतलेले लोक होते. त्यांच्या लग्नाला कायद्यात किंमत नव्हती. 'घेऊन गेला पार टेनेसीला' ही ओळ अशा माणसाच्या तोंडी आहे ज्याच्या बायकोला किंवा मुलीला मालक कुठल्याही दिवशी दुसऱ्या राज्यात विकू शकत होता. गाण्यात ती स्वतःहून गेलीय, विकली गेलेली नाही, पण ते ऐकणाऱ्या मळ्यावर प्रत्येकाच्या घरातून कुणी ना कुणी गेलेलं असणार. कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका नीना सिमोन यांनी 1959 साली न्यू यॉर्कच्या टाउन हॉलमध्ये हे गाणं म्हटलं, ते ऐका. इतकं संथ की रेडनेक्सच्या गाण्यावर नाचलेल्या माणसाला ओळखूच येऊ नये. बोळ्याचा सिद्धांत ते ऐकताना पाच सेकंद टिकत नाही.

आणि वऱ्हाडातल्या माणसाला तर हे परकं वाटायचं कारणच नाही. त्या मळ्यांवरचा कापूस 1861च्या युद्धाने अडकला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि मग इंग्रजांना आमची पऱ्हाटी दिसली. मुंबईत शेअरचा धुमाकूळ माजला तो त्याच पैशावर आणि युद्ध संपताच, 1865मध्ये, आपटला तोही त्यामुळेच. रेल्वे नागपूरपर्यंत पोचली 1867ला, खामगावच्या कापूसबाजारासाठी वेगळा फाटा झाला 1870ला. आजोबांच्या गावावरून जाणारा कापूस आणि जोच्या गावचा कापूस एकाच तराजूची दोन पारडी होती.

यातलं बरंचसं मी बहिणीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, बाईंना एवढं सांगत नाही, टेनेसीचं सांगते. बाई समजूतदार निघाल्या. गाणं राहिलं, टोप्या राहिल्या, आणि नाचाआधीच्या निवेदनात एक ओळ घालायचं ठरलं: हे गाणं अमेरिकेतल्या कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या गुलामांचं आहे आणि त्यात जो एका माणसाच्या प्रेयसीला टेनेसीला घेऊन जातो.

निवेदन आठवीतल्या एका मुलीकडे होतं. माइक हातात आल्यावर ती घाबरली असावी. गुलामांचं तिने नीट, सावकाश वाचलं. मग एक दम घेतला आणि म्हणाली, "आणि जो त्यांच्या मैत्रिणीला घेऊन टेनिसला जातो."

पाठोपाठ फिडल सुरू झालं.